माईक नसलेला मांडव

रंजे, तुझ्या तेरवीच्या मांडवात माईक नव्हता.

मी आल्या आल्या आधी तेच पाहिलं. सवय, दुसरं काय. कोणत्याही मांडवात शिरले की माझी नजर पहिले माईक शोधते, मग माणसं. शेलूबाजारच्या तुझ्या घरासमोर हिरवं कापड ताणलं होतं. एका कोपऱ्यात मोठ्या चुलीवर वरण उकळत होतं, बायका ताडपत्रीवर बसून पोळ्या लाटत होत्या. आणि खुर्चीवर तुझा फोटो. लग्नातला. डोक्यावर पदर, ओठ घट्ट मिटलेले. तुझा तोंड मिटलेला फोटो कोणाकडे असेल असं मला वाटलंच नव्हतं.

माईक नसणार हे मला माहीत होतं. तुमच्यात नसतो. आमच्यात माणूस गेला की जलदान विधीला आधी वंदना होते आणि मग एकेक जण उठून गेलेल्या माणसाबद्दल बोलतो. शेजारी बोलतो, सोयरा बोलतो. ज्याचं मयताशी उभ्या जन्मात पटलं नाही तोही बोलतो, आणि खरं सांगायचं तर तोच सगळ्यांत जास्त वेळ बोलतो. कोणी चुकीचं बोललं तर बायकांमधून आवाज येतो, "तसं नव्हतं थे." माणूस मातीत जातो, पण त्याच्याबद्दल चार लोकांसमोर काहीतरी बोललं जातं. तुमच्यात लोक येतात, फोटोला फूल वाहतात, जेवतात, हात धुतात आणि जातात. मी चांगलं-वाईट म्हणत नाही. पद्धत वेगळी आहे, एवढंच म्हणते.

हे तूच आधी म्हणाली होतीस. माझे बाबा गेले तेव्हा तू कामरगावला आली होतीस, आमच्या जलदान विधीला. भिंतीला टेकून बायकांत बसलीस आणि शेवटपर्यंत हलली नाहीस. सगळे गेल्यावर मी भांडी गोळा करत होते आणि तू माझ्यामागे फिरत होतीस. म्हणालीस, "करुणे, मी मेली तं तू माह्यावर दोन शब्द बोलजो. आमच्यात कोनी बोलत नाई वं."

मी रडून रडून थकले होते, तरी हसले. म्हटलं, मरायच्या आधी नवऱ्याला सांगून ठेव, नाहीतर मला मांडवातून हाकलतील.

"सांगन ना. पन एक हाये. भाषन नको ठोकू. सांगजो."

भाषण आणि सांगणं. आपलं सगळं भांडण या दोन शब्दांचं. ते अजून मिटलेलं नाही, आणि तू मध्येच उठून गेलीस.

---

माझ्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. हे मी कुठेही सांगते, न विचारता सांगते. लोकांना वाटतं मिरवते. मिरवते तर मिरवते. माझ्या आईने दुसऱ्याच्या वावरात निंदण करून मला शिकवलं, ते काय लपवून ठेवायला? आमच्या घरी पैसा नव्हता, वावर नव्हतं, पण माईक होता. म्हणजे घरात नव्हे, विहारात. दरवर्षी जयंतीला पोरांची भाषणं व्हायची, आणि मला शाळेत नाव घालायच्या आधीपासून स्टुलावर उभं करून बोलायला लावायचे. भाषण आवडलं की खालून कोणीतरी उठायचं, दहाची नोट द्यायचं आणि माईकवाला काका सूर लावून जाहीर करायचे, "कुमारी करुणा हिचं भाषण आवडल्याबद्दल अमुक अमुक यांच्याकडून दहा रुपये बक्षीस." मग टाळ्या. मग मी वाकून नमस्कार करायची. भाषण म्हणजे मला हे सगळं मिळून वाटायचं. बोलणं, थांबणं, बक्षीस, नमस्कार.

कारंज्याच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला भूगोलाच्या सरांनी सांगितलं की प्रत्येकाला एकेका विषयावर वर्गासमोर दहा मिनिटं बोलायचं आहे, त्याचे मार्क आहेत. म्हणाले, भाषण नाही, प्रेझेंटेशन. मला वाटलं एकाच गोष्टीचं हे इंग्रजी नाव. पोरं घाबरली होती. मी नव्हते. मी म्हटलं, या वर्गात माईकवर वाढलेली मी एकटी आहे, पाहू आता कोण समोर टिकतं.

माझा विषय होता महाराष्ट्रातल्या पावसाचं वितरण. मी मंचावर चढले, ओढणी नीट केली आणि सुरू केलं, "सन्माननीय अध्यक्ष महोदय, पूज्य गुरुजनवर्ग आणि येथे जमलेल्या माझ्या बंधू आणि भगिनींनो." सरांनी मागे वळून पाहिलं, अध्यक्ष कुठे बसले आहेत म्हणून. मी थांबले नाही. चाळीस पोरांच्या त्या खोलीत मी गावभर ऐकू जाईल असा आवाज लावला. कोकणातला पाऊस सांगताना उजवा हात वर, पर्जन्यछाया सांगताना डावा हात खाली. शेजारच्या वर्गातली पोरं दारात येऊन उभी राहिली, आणि मला वाटलं, जमलं. शेवटी "एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवते, जय भीम, जय भारत" म्हटलं.

आणि थांबले.

कशासाठी थांबले ते मला तेव्हा कळलंच नव्हतं. मान जराशी खाली, हात समोर जुळलेले. मला वाटतं त्या अख्ख्या वर्गात एकट्या तुला कळलं की ही कशाची वाट पाहून राहिली आहे. तू मुलींच्या बाकांमधून उठलीस, पुढे आलीस, माझ्या हातात दहाची नोट ठेवलीस आणि माईकवाल्या काकांच्या अगदी त्याच सुरात म्हणालीस, "कुमारी करुणा हिचं भाषन आवडल्याबद्दल रंजनाकडून दहा रुपये बक्षीस."

वर्ग असा हसला की खिडक्या वाजल्या.

सरांनी सगळ्यांना गप्प केलं आणि विचारलं, काही प्रश्न? कोणाचाच नव्हता. मग ते मला म्हणाले, "आवाज चांगला आहे तुझा. विषयही अभ्यासला आहेस. पण तू कोणाला सांगत होतीस?"

मी नोट तुझ्या बाकावर आपटली आणि जागेवर जाऊन बसले.

---

मला राग आला होता, आणि तो यायलाच पाहिजे होता. आपण एका गावच्या, एका बसने येणाऱ्या, पण तोवर आपण धड बोललो कुठे होतो? तू दुमजली घरातली पोरगी. तुमची जमीन पार रस्त्यापर्यंत. माझी आई कधीकधी तुमच्याच वावरात कामाला. मला वाटलं, या पोरीनं आमच्या जयंतीची टिंगल केली, तीही भर वर्गात. परतीच्या बसमध्ये मी ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर जाऊन बसले. दुसऱ्या दिवशीही तिथेच. तू मागून पाहत राहायचीस.

मग एक दिवस स्टँडवर बस यायला वेळ होता आणि तू सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिलीस. म्हणालीस, "मी चेष्टा नाई केली वं." मी दुसरीकडे पाहिलं. तर तू हळू आवाजात म्हणायला लागलीस, "आज मी तुम्हाला जे दोन शब्द सांगणार आहे ते तुम्ही शांतचित्तानं ऐकून घ्याल अशी मी तुम्हाला नम्र विनंती करतो." करतो. पोरांकडून ऐकून पाठ केलेलं, म्हणून मी 'करते'च्या जागी 'करतो' म्हणायचे, आणि सगळं विहार हसायचं. ते लहानपणचं. ते तुला कुठून ठाऊक?

"आमच्या स्लॅबवरून सारं ऐकू येते," तू म्हणालीस. "विहार बी दिसते, बाजार बी दिसते. मी दर साली वर जाऊन बसो. तुह्या भाषनाची वाट पाहो. मले वाटे, खाली जावं अन् दहा रुपये बक्षीस द्यावं. पन खाली कोन जाऊ देते आमाले? कॉलेजात म्हटलं, इथं कोन अडवते. म्हनून उठली."

इतकी वर्षं मी स्टुलावर उभी राहून समोरच्या माणसांना सांगत होते, आणि सगळ्यांत नीट ऐकणारी माझ्या डोक्याच्या वर, गच्चीवरच्या टाकीच्या आडोशाला बसलेली होती. सरांच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे स्टँडवर मिळालं. पण ते सरांना सांगण्यासारखं नव्हतं.

नोट तू जपून ठेवली होतीस. मला घेच म्हणालीस, बक्षीस परत करत नसतात. मी म्हटलं, मग खाऊ. भजी घेतली, ती कढईतून काढलेली इतकी गरम की बोटं भाजली, आणि बस गेली.

---

मग तुझी पाळी आली.

तुला बोलता येत नव्हतं असं नाही. बसमध्ये तुझं तोंड बंद नसायचं. पण चार माणसांसमोर उभं राहिलं की तुझा आवाज गळ्यातच राहायचा. तुमच्या घरात बाईचा आवाज बैठकीपर्यंत जाऊ नये अशी रीत. कोणी ओरडायचं नाही, मारायचं नाही, फक्त आवाज जरा मोठा झाला की आतून कोणीतरी "बैठकीत मानसं हायेत" म्हणायचं. ते ऐकत ऐकत तू मोठी झालेली. मी म्हटलं, घाबरू नको, माईकवाली तुझ्या बाजूने आहे. कॉलेजच्या मागे बाभळीखाली मी तुला उभी करायची. छाती काढ. मान वर. शेवटच्या भिंतीकडे पाहून बोल, म्हणजे सगळ्यांकडे पाहिल्यासारखं दिसतं.

"भिंतीले काय सांगू?" तू म्हणालीस.

"भिंतीला नाही, लोकांना."

"लोक कुठीसा हायेत? मले तं एकच मानूस दिसते एका टायमाले. मी तुलेच सांगन. बाकीचे ऐकतील तं ऐकतील."

मी डोक्याला हात लावला. म्हटलं, हिला शून्य पडणार.

तुझा विषय आठवडी बाजार. मी तुला सुरुवात लिहून दिली होती, व्याख्येपासून. ठरावीक दिवशी, ठरावीक ठिकाणी, असं सगळं. तू ती वाचलीस आणि म्हणालीस, हे बरोबर आहे पण हे कोणाला ऐकायचं आहे? मग तू तुझी सुरुवात सांगितलीस आणि मी म्हटलं, बिलकुल नाही. असं बोललीस तर हसतील, तुझ्या घरापर्यंत बातमी जाईल. त्यावरून आपलं भांडण झालं. आदल्या दिवशी तू कबूल केलंस की व्याख्येपासून करते.

दुसऱ्या दिवशी तू फळ्याजवळ गेलीस. खडू हातात घेतलास, पण काही लिहिलं नाहीस. मला शोधलंस, माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालीस, "मी ज्या बाजाराबद्दल सांगनार हाये, त्या बाजारात मी कधीच गेली नाई. माही माय बी गेली नाई. आमी तो बाजार गच्चीवरून पाहिला."

कोणी हसलं नाही. मी चमकून आजूबाजूला पाहिलं, खरंच कोणी हसलं नाही. मागच्या बाकावरची पोरं, जी माझ्या वेळी बाक वाजवत होती, ती पुढे वाकली.

मग तू फळ्यावर चौकोन काढलास आणि वरून दिसणारा बाजार सांगायला लागलीस. मिरचीवाल्या बायका विहाराच्या भिंतीला का बसतात, तर दुपारी तिथे सावली येते. जवळच्या गावचे लोक उशिरा येतात आणि उशिरा जातात, लांबचे सकाळी येतात, कारण त्यांची जीप भरली की निघते. कापडवाल्याची जागा कोणी घेत नाही, तो नाही आला तर ती जागा मोकळीच राहते. कोणत्या रस्त्याने किती गावं या एका बाजारावर जगतात, ते तू खडूने ओढत गेलीस. पुस्तकात 'बाजाराचे प्रभावक्षेत्र' असं काहीतरी होतं, मी ते पाठ केलं होतं आणि मला ते कधी दिसलं नव्हतं. तुझ्या फळ्यावर दिसलं. आवाज तुझा लहानच होता. पण सगळे गप्प बसले, तो ऐकू यावा म्हणून. हे मला तोवर ठाऊकच नव्हतं, की आवाज लहान असला तर लोक जवळ येतात.

एवढं बोलून संपवते वगैरे तू काही म्हटलंच नाहीस. सांगून झालं तशी थांबलीस.

सरांनी विचारायच्या आधीच हात वर झाले. बाजार कोण ठरवतं. पावसाळ्यात काय होतं. शेवटी सरांनीच विचारलं, "बाजार उठतो तेव्हा सगळ्यात शेवटी कोण जातं?"

तू जरा विचार केलास. "ज्याचा माल इकला नाई, थो," म्हणालीस.

सरांनी ते आपल्या वहीत लिहून घेतलं. मी दहाची नोट हातात घेऊन बसले होते, वचपा काढायला. उठलेच नाही. उठणं बरोबर दिसलं नसतं.

---

त्या दिवशी बसमध्ये आपलं जे भांडण सुरू झालं ते कधी संपलंच नाही. मी म्हणायची, बोलणाऱ्याला बक्षीस मिळालं पाहिजे, त्याशिवाय त्याला कळणार कसं की लोकांना आवडलं. तू म्हणायचीस, प्रश्न आला पाहिजे.

"बक्षीस देनारा ऐकत नसते वं. तो तं खिसा चाचपत असते."

"आणि प्रश्न विचारणारा कुठं ऐकतो? तो आपली हुशारी दाखवतो."

"दाखवू दे ना. पन विचारते तं खरं. ज्याले काईच ऐकू नाई आलं, तो काय इचारन?"

कंडक्टर वैतागायचा. पुढच्या सीटवरच्या म्हाताऱ्या मागे वळून पाहायच्या, या पोट्ट्यांची कोणती इस्टेट वाटून राहिली म्हणून. कामरगाव यायचं, तू तुझ्या रस्त्याने, मी माझ्या. गावात आपण एकमेकींच्या घरी कमीच गेलो. आपलं सगळं त्या बसमध्येच झालं.

मी आज ज्युनिअर कॉलेजला शिकवते. दरवर्षी पोरांना वर्गासमोर उभं करते. सगळ्या वर्गाकडे पाहू नका म्हणते, एक माणूस निवडा आणि त्याला सांगा. सुरुवात व्याख्येने करू नका, तुम्हाला ते कुठून दिसलं तिथून करा. सांगून झालं की थांबा. हे सगळं तुझं आहे. पोरांना वाटतं मॅडमचं आहे. मी एकदा तुला फोनवर म्हटलं होतं की तू ये एक दिवस, माझ्या पोरांसमोर तो बाजार सांग. तू "पाहू" म्हणालीस. तुझं "पाहू" म्हणजे नाही, हे मला कळत होतं, तरी मी त्या वर्षी एक तास मोकळा ठेवला होता.

कारण लग्न झाल्यावर तुझा आवाज पुन्हा कमी कमी होत गेला, रंजे. फोनवर मी बोलायची आणि तू हो, बरं, हो ना. "मोठ्यानं बोल," म्हटलं की म्हणायचीस, बैठकीत मानसं हायेत. तेच वाक्य, नुसती बैठक बदलली. मी एकदा शेलूबाजारला आले होते, आठवतं? माणसं चांगली होती. ते मी तेव्हाही म्हटलं आणि आजही म्हणते. तुझ्या सासूने माझ्यासाठी कुरड्या तळल्या, माझ्या नोकरीचं कौतुक केलं, आईची चौकशी केली. आणि तुझ्याबद्दल म्हणाल्या, "आमची सून लय गरीब. तोंडातून शब्द निघत नाई बिचारीच्या."

मी दारात उभ्या असलेल्या तुझ्याकडे पाहिलं. तू पदराआडून एक भुवई उचललीस. मला हसू दाबता दाबता चहा नाकात गेला.

नंतर फाटकापर्यंत सोडायला आलीस तेव्हा मी रागावले. म्हटलं, तू सांगत का नाहीस यांना काही? गरीब म्हणे. तू? तू म्हणालीस, "सांगन ना. कोनी विचारलं तं सांगन." मग हसलीस. "प्रश्न आल्याबिगर कशी सुरू करू? मी काय तुह्यासारखी भाषनवाली हाये काय?"

मी तो विनोद समजले. घरी येईपर्यंत बसमध्ये मला कळलं की तो विनोद नव्हता.

मग तू आजारी पडलीस, तेही मला असंच सांगितलंस. हळू, सपाट, शेजारच्या बाईला काहीतरी झाल्यासारखं. आणि शेवटी, "काई प्रश्न?" मी इतकी घाबरले होते की मला एकही प्रश्न सुचला नाही. मी नुसती "बरी होशील, बरी होशील" म्हणत राहिले. ते भाषण होतं, रंजे. तुला ते कळलं असणार.

---

तर तेरवी.

मी तुझ्या नवऱ्याजवळ गेले. म्हटलं, भाऊ, मी रंजनाची मैत्रीण, दोन मिनिटं तिच्याबद्दल बोलले तर चालेल का? माईक नको, असंच उभी राहून. तो माणूस खूप दिवसांत झोपला नसावा. माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, "आमच्यात नसते ना ताई तसं. लोकाईले कसं वाटन? तुमी जेवून जा." त्याच्या आवाजात राग नव्हता. उलट त्याला वाईट वाटत होतं, माझी काहीतरी सोय करता येत नाही म्हणून. तू त्याला सांगून ठेवलं नव्हतंस. किंवा त्याने विचारलं नव्हतं.

मांडव त्यांचा होता, मयत त्यांचं होतं. मी भांडले नाही. बायकांच्या पंगतीला जाऊन बसले. डावीकडे तुझी नणंद, उजवीकडे तुझी सासू. सासूबाई जेवत नव्हत्या, नुसत्या बसल्या होत्या, पत्रावळीवरची पोळी बारीक बारीक करत. वाढणारे आले, भाजी आली, वरण आलं, बुंदी आली. लोक भरभर जेवत होते. ऊन वाढत होतं, परत जायच्या गाड्या होत्या. मला दिसत होतं की आता हे लोक हात धुतील आणि संपेल. तुझ्याबद्दल या मांडवात एकही शब्द बोलला न जाता संपेल.

मी उभी राहिले नाही. आवाज लावला नाही. सासूबाईंकडे वळले आणि त्यांनाच म्हटलं, "मावशी, तुमच्या सुनेनं मला एकदा भर वर्गात दहा रुपये बक्षीस दिलं होतं."

त्यांनी मान वर केली.

मी सांगायला लागले. त्या एका म्हाताऱ्या बाईला, जशी तू मला सांगायचीस. गच्ची सांगितली, स्टूल सांगितलं, "करतो" सांगितलं, तेव्हा नणंदेला हसू आलं आणि तिने पदर तोंडाला लावला. मग बाजार सांगितला. फळ्यावरचा चौकोन मी पत्रावळीवर बोटाने काढला, मिरचीवाल्या इथे, कापडवाला इथे. माझा आवाज लहान होता. समोरच्या ओळीतल्या बायका जेवायच्या थांबल्या. वाढणारा पोरगा बुंदीचं भांडं घेऊन उभा राहिला तर कोणीतरी त्याला हातानेच थांब म्हटलं. सरांचा शेवटचा प्रश्न सांगितला, तुझं उत्तर सांगितलं. "ज्याचा माल इकला नाई, थो." आणि सांगून झालं, तशी थांबले. एवढं बोलून वगैरे काही म्हटलं नाही. तू असतीस तर तुला पटलं असतं.

जुन्या सवयीने माझी मान जराशी खाली गेली होती, कोणी उठून येतं का म्हणून. कोणी आलं नाही. येणार नव्हतंच.

मग तुझ्या सासूबाईंनी विचारलं, "मंग आमाले कधीच काहून नाई सांगितलं तिनं?"

प्रश्न आला, रंजे. ज्याला ऐकू आलं त्याचाच तो प्रश्न होता, हुशारी दाखवणाऱ्याचा नव्हता. तू जिंकलीस. एवढ्या वर्षांचं भांडण त्या पंगतीत बसून मी हरले, आणि मला हरल्याचं कोणाला सांगता येत नव्हतं.

उत्तर मला माहीत होतं. तुझ्याच तोंडचं होतं, फाटकाजवळचं. ते माझ्या जिभेवर आलं होतं. मी त्या बाईकडे पाहिलं. त्यांच्या बोटांना पोळीचा चुरा लागलेला होता. त्यांनी तुला जीव लावला होता. विचारायचं असतं हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. बहुतेक त्यांनाही कधी कोणी काही विचारलं नसेल.

"सांगनार होती मावशी," मी म्हटलं. "राहून गेलं."

त्यांनी मान हलवली. मग वाढणाऱ्याला बोलावून माझ्या पत्रावळीवर बुंदी घालायला लावली आणि मी ती सगळी खाल्ली.

हे उत्तर बरोबर होतं की चूक, यावर आपण कारंज्यापासून कामरगावपर्यंत भांडलो असतो. तू म्हणाली असतीस, खरं काहून नाई सांगितलं वं, थे तं विचारून राह्यली होती. मी म्हटलं असतं, प्रत्येक प्रश्नाला उत्तर द्यायचं नसतं. कंडक्टर वैतागला असता.

परतीच्या बसमध्ये माझ्या शेजारी एक बाई बसली होती, मांडीवर भाजीची पिशवी. तिने विचारलं, "कोन्या गावची वं तू?"

मी सांगितलं, कामरगावची. आणि पुढच्या प्रश्नासाठी तिच्याकडे पाहत राहिले.

तिने पुढे काही विचारलं नाही.